घड्याळाला हात नसतात

तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर आठवड्यातून एक तास मी शब्दांचे खेळ खेळते. पहिल्या तासाला जाताना एक कोडं पाठ करून गेले होते. मूळचं इंग्रजी, लहानपणी मला फार आवडलेलं, म्हणून मराठीत आणलेलं: हात आहेत, पण टाळी वाजवत नाही. मी कोण?

मुलं विचारात पडली. कुणी खुर्ची म्हणालं, कुणी बाहुली, कुणी पुतळा. मी प्रत्येकाला 'अंहं' म्हणत गेले आणि सगळे हरल्यावर उत्तर सांगितलं, घड्याळ. कुणीच हसलं नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण ताई, घड्याळाला हात कुठे असतात? काटे असतात ना!"

तिचं बरोबर होतं, आणि आधीच्या तिघांचंही. मराठीत विचार करणाऱ्या मुलाने त्या प्रश्नाला जी उत्तरं द्यावीत, तीच त्यांनी दिली होती. चूक माझी होती. इंग्रजी बोलणाऱ्यांना तबकडीवर हात दिसले, आपल्याला काटे दिसले. एकाला दिसलेली गोष्ट मी दुसऱ्याला ओळखायला लावत होते.

मी तिलाच म्हटलं, "मग तू दुरुस्त कर." ती लगेच म्हणाली, "काटे आहेत, पण टोचत नाहीत." आता वर्ग हसला.

उरलेला तास त्या एका शब्दाने खाल्ला. काटा आणखी कुठे असतो, एवढंच मी विचारलं. गुलाबाला असतो, माशात असतो, तराजूला असतो, चमच्याच्या शेजारी असतो. साळिंदराच्या पाठीवर असतात. विंचवाला काटा म्हणायचं की नांगी, यावर दोन बाकांमध्ये चांगलीच जुंपली. शेवटी मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "भुताची गोष्ट ऐकली की अंगावर येतो." सगळे गप्प झाले, कारण हा काटा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता, आणि तो तर प्रत्येकाच्या अंगावर येऊन गेलेला होता. तास संपता संपता फळ्यावर वर्गाचं स्वतःचं कोडं तयार होतं: 'एक झाडावर, एक माशात, एक भिंतीवर फिरतो आणि एक घाबरलं की अंगावर येतो. चौघांचं नाव एकच.'

त्या दिवसापासून दुसऱ्या भाषेतली शाब्दिक कोडी मराठीत आणायचं मी सोडून दिलं. वस्तूंची कोडी प्रवास करतात. सावली, प्रतिध्वनी, पाऊलखुणा यांची कोडी कुठल्याही भाषेत नेली तरी तग धरतात, कारण ती गोष्टीवर बेतलेली असतात. शब्दावर बेतलेलं कोडं मात्र आपल्या भाषेच्या मातीतून उपटलं की वाळून जातं. इंग्रजीत सुईला डोळा असतो आणि तरी तिला दिसत नाही, हे तिथल्या मुलांचं आवडतं कोडं. मराठीत सुईला नेढं असतं. नेढ्याचं कोडं होत नाही, पण 'नेढं' हा शब्द मुलांना ठाऊक नव्हता, तो त्या निमित्ताने कळला. दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन प्रत्येकाने त्या नेढ्यात दोरा ओवूनही पाहिला. आणि सुईचा डोळा गेला म्हणून आपलं काही अडत नाही. आपल्याकडे बाटलीला मान आहे, कपाला कान आहे, कंगव्याला आणि करवतीला दात आहेत, टाचणीला डोकं आहे. 'मान आहे, पण तिच्यावर डोकं नाही, टोपण आहे' हे त्याच आठवड्यात एकाने रचलं.

मराठी शब्दांच्या पोटात काय काय दडलेलं असतं, ते आपण मोठी माणसं रोज बोलतो म्हणूनच आपल्याला दिसत नाही. आठवडा हा शब्द मी हजारो वेळा उच्चारला असेन. त्यात आठ आहे हे मला एका तिसरीतल्या मुलाने दाखवलं. त्याचं कोडं चार शब्दांचं: 'नावात आठ, पोटात सात.' याहून नेटकं कोडं मी ऐकलेलं नाही. त्याच्या शेजारणीने लगेच त्याला भावंड जोडलं: 'नावात आठ, पण मोजता येत नाही.' आठवण. मग वारांकडे मोर्चा वळला. आठवड्यात सात वार होतात, तरी कुणालाच जखम होत नाही. ढालीवर न झेलता येणारा वार कोणता? सोमवार, मंगळवार, कुठलाही चालेल. वाऱ्यापासून वाचवणारा वारा कोणता? निवारा. एकाच डोक्यात मावणारे चार कोणते? विचार. सोलता न येणारा ऊस कोणता? पाऊस. हे शेवटचं आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचं, आणि अजूनही दर वर्गात कुणीतरी ते आपणच शोधल्यासारखं घेऊन येतं. ते तसंच शोधलेलं असतंही. 'पाऊस' या शब्दातला ऊस ज्याला पहिल्यांदा स्वतःहून दिसतो, त्याच्यापुरतं ते कोडं नवंच असतं.

सगळ्याच वयाच्या मुलांना हे जमत नाही. पहिलीतली मुलं कोडं घालतात तेव्हा प्रश्नाचा सूर अगदी बरोबर असतो, उत्तर मात्र वाटेल ते. "हत्ती का हसला?" "का?" "कारण त्याच्या डोक्यावर चप्पल होती!" आणि सगळी गडाबडा लोळतात. थॉमस शुल्झ या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली मुलांना कोडी कशी कळतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सहा वर्षांच्या मुलांना नुसता विचित्रपणा पुरतो, उत्तर प्रश्नाशी नीट जुळलं की नाही याचं त्यांना फारसं काही नसतं. आठाच्या आसपास मात्र ते जुळणं हीच गंमत होऊन बसते. माझ्या अनुभवात ही पायरी जवळजवळ डोळ्यांनी दिसते. शब्द म्हणजे वस्तू, असं तोवर मुलाला वाटत असतं. मग एक दिवस शब्द वस्तूपासून सुटा होतो, हातात धरून उलटसुलट करून बघता येतो. एका मुलाने 'पान' हा शब्द तीन-चार वेळा स्वतःशी पुटपुटला, झाडाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

म्हणून पहिलीतल्या मुलाचं हत्तीचं कोडं कुणी 'यात काय अर्थ आहे' म्हणून मोडीत काढलं की मला वाईट वाटतं. ते मूल प्रश्न कसा टाकायचा, थांबायचं कधी, समोरच्याला ताटकळत कसं ठेवायचं हे शिकत असतं. अर्थ मागाहून येतो, आणि येतोच.

'पान'वरून आठवलं. अमीर खुसरो (1253–1325) यांच्या नावावर 'दो सुखने' म्हणून एक प्रकार सांगितला जातो. दोन भलतेच प्रश्न, आणि दोघांना मिळून एकच उत्तर. अनार क्यों न चखा? वज़ीर क्यों न रखा? दाना न था. दाना म्हणजे डाळिंबातलं बी आणि दाना म्हणजे शहाणा. हा साचा मी मुलांना दिला आणि नमुन्यादाखल एक मराठी करून दाखवलं: झाड का बोडकं? वही का संपली? पान उरलं नाही.

मुलं त्यावर तुटून पडली, आणि तिथेच मराठीने आम्हाला अडवलं. एका मुलाने मोठ्या उत्साहाने प्रश्न टाकले: "नदी का ओलांडली नाहीस? बाळाला हाक का मारली नाहीस?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "नाव नव्हती!"

"पण ताई," पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाळाला नाव नव्हती? नाव नव्हतं!"

तो चिडला. पण तिचं खरं होतं. होडी ती नाव, आणि हाक मारायचं ते नाव. आपल्या भाषेत तीन लिंगं आहेत, आणि शाब्दिक कोडं रचणाऱ्याला ती पावलोपावली आडवी येतात. त्या दिवशी आम्ही असे शब्द धुंडाळले आणि मुलं चकित होत गेली. गळ्यातला तो हार, खेळातली ती हार. शरीराची ती मान, मोठ्यांना द्यायचा तो मान. मण्यांची ती माळ, मोकळा तो माळ. 'कोणता हार कुणालाच गळ्यात नको असतो?' हे एकीने लिहिलेलं कोडं 'कोणता' या शब्दापाशीच ठेचाळलं. याउलट झाडाचं ते पान आणि वहीचं ते पान. हल्ला तोही वार, सोमवार तोही वार. म्हणून ती कोडी सुरळीत चालतात. व्याकरणाच्या तासाला लिंग ओळखायला सांगितलं की हीच मुलं जांभया देतात. इथे एकेका शब्दामागे तो, ती, ते लावून बघताना त्यांचे आवाज चढले होते, कारण लिंग चुकलं तर कोडं पडतं, आणि कोडं पडणं त्यांना परवडणारं नव्हतं.

नावेचं कोडं मी सोडून द्यायला सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी माझ्या मेजापाशी आली. वहीचं शेवटचं पान उघडून धरलेलं. त्यावर असं होतं:

नदी ओलांडत का नाहीस?
बाळाला हाक मारत का नाहीस?
नाव नाही.

मी ते दोनदा वाचलं. 'नव्हती' आणि 'नव्हतं' यांत लिंग उघडं पडतं, 'नाही' मध्ये ते झाकलेलं राहतं. तिने सगळं कोडं भूतकाळातून उचलून वर्तमानकाळात आणून ठेवलं होतं. असं का केलंस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही सगळ्यांना चालतं." तिसरीतल्या मुलीने शोधलेला व्याकरणाचा नियम तीन शब्दांत. आणि कोडं ज्याचं मूळ होतं त्या मुलाचं नाव तिने खाली आपल्या नावाच्या आधी लिहिलं होतं, हे मला त्या कोड्याइतकंच आवडलं.

अक्षरं कापायची कोडी हा मुलांचा सगळ्यात लाडका प्रकार, आणि त्यासाठी देवनागरीसारखी लिपी नाही. अक्षराला त्याची काना-मात्रा चिकटलेली असते, त्यामुळे कापलं तरी तुकडा जिवंत राहतो. तीन अक्षरी शब्द घ्यायचा. पहिलं अक्षर म्हणजे डोकं, मधलं म्हणजे पोट, शेवटचं म्हणजे शेपूट. कमळाचं डोकं काढा, मळ उरतो. पोट काढा, कळ उरते. शेपूट काढा, कम उरतं. मगरीचं डोकं काढा, गर. पोट काढा, मर. शेपूट काढा, मग. गाजराचं डोकं काढलं तर जर, पोट काढलं तर गार आणि शेपूट काढलं तर समुद्राची गाज ऐकू येते. नगर घेतलं की गर, नर, नग. वादळाची सुरुवातच वाद आहे.

चार-पाच तास हे चाललं, तेव्हा चौथीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "ताई, आपले चांगले शब्द सगळे र वर का संपतात?" मी फळ्याकडे पाहिलं. मगर, नगर, गाजर, वानर, शहर, पदर. खरंच की. मग आम्ही त्याचं कारण शोधायला बसलो. पोट काढलं की पहिलं अक्षर र ला जाऊन भिडतं, आणि कर, घर, चर, नर, पर, वर, सर, हर अशी दोन अक्षरी र-कारान्त शब्दांची रांगच मराठीत उभी आहे. र जवळजवळ कुणाशीही जमवून घेतो. ळ सुद्धा बऱ्यापैकी मनमिळाऊ निघाला. ठ ला मात्र मोजकेच सोबती मिळाले, आणि एकीला त्याची दया आली.

याच खेळात एक निराळाच प्रश्न उभा राहिला. कुणीतरी चादर आणली: पोट काढलं की चार. कागदावर अगदी बरोबर. पण ते कोडं मोठ्याने घातलं तर कुणालाच सुटेना. चादरीतला च दातांपाशी उच्चारतो आणि मोजायच्या चारमधला च टाळूपाशी. लिहायला एक, बोलायला दोन. मराठी बोलणारं प्रत्येक मूल हे दोन च बिनचूक वेगळे काढतं, आणि आपण ते वेगळे काढतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मुलं तासभर 'चमचा, चाक, चांदणं' आणि 'चार, चिमणी, चित्र' म्हणत जिभेची जागा बोटाने चाचपत बसली होती. तेव्हापासून आमच्याकडे डोळ्यांची कोडी आणि कानांची कोडी अशा दोन वह्या आहेत.

डोळ्यांच्या वहीत टिंबाची कोडी येतात. अनुस्वार म्हणजे डोक्यावरचा एक ठिपका, पण तो काय वाटेल ते करू शकतो. 'हत्तीच्या डोक्यावर ठिपका ठेवला, आणि तो लोखंड खाऊ लागला.' गज आणि गंज. 'झाडाला द्या, झाड वाढेल. टिंब देऊन मनाला द्या, मन झुरेल.' खत आणि खंत. शुद्धलेखनात टिंब विसरणाऱ्या मुलांनी ही कोडी पाठ केली, आणि त्यांच्या वहीत टिंबं हळूहळू दिसू लागली. मी हे शुद्धलेखन सुधारावं म्हणून करत नाही, पण झालं त्याचा आनंद आहे.

उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या वाक्यांचा तास तर मी कधीच विसरणार नाही. 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' ही दोन आपण सगळे ऐकत आलो आहोत. शब्दांत जहाज आहे, नयन आहे, टोमॅटो आहे, आणि पाच अक्षरांचं नवजीवन आहे. कान उलटा केला की 'नका' म्हणतो, आणि राख उलटी केली की खरा सापडतो. मी मग अभिमानाने तिसरं वाक्य फळ्यावर लिहिलं: चिमा काय कामाची. मुलं बोटाने उलटं वाचत गेली, शेवटाला पोचली, खूश झाली.

"पण ताई, पहिली चि ऱ्हस्व आहे आणि शेवटची ची दीर्घ."

इतकी वर्षं मी ते वाक्य म्हणत आले आणि ती वेलांटी मला कधी दिसली नव्हती. वर्गात मतदान घेतलं. कानांच्या वहीत चिमाला जागा मिळाली, डोळ्यांच्या वहीत मिळाली नाही. त्या दिवशी घरी जाताना दोन मुली चिमावर अन्याय झाला का, यावर गंभीरपणे बोलत चालल्या होत्या.

मोठ्यांच्या जगात कोड्यांना पोरखेळ म्हणायची पद्धत आहे. पण सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरी लोकांनी मातीच्या पाट्यांवर कोडी कोरून ठेवली, आणि त्यांतलं एक असं आहे की ज्या घरात माणूस डोळे मिटलेले घेऊन शिरतो आणि उघडे घेऊन बाहेर पडतो, ते कोणतं? उत्तर, शाळा. आपल्याकडे सातव्या शतकाच्या सुमाराला दंडीने काव्याचं शास्त्र लिहिताना प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले. त्यांचे उपयोगही त्याने दिले आहेत: मंडळी जमली की करमणूक, गर्दीत आपल्या माणसाशी गुपित बोलणं, आणि दुसऱ्याला बुचकळ्यात पाडणं. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं उभं राहिलं तर हे तिन्ही उपयोग दिसतात. एका कोपऱ्यात कोडी चाललेली असतात, दुसरीकडे दोघी 'च'च्या भाषेत काहीतरी ठरवत असतात, आणि तिसरीकडे एक मोठा मुलगा तीन लहानांना कोड्यात अडकवून कमरेवर हात ठेवून उभा असतो.

त्या मोठ्या मुलाबद्दल एकच गोष्ट मला सांगावीशी वाटते. "हरलास? हरलास ना?" अशी घाई जो करतो, तो कोड्याचा जीव घेतो. कोडं ऐकल्यापासून उत्तर सुचेपर्यंतचा वेळ हाच तर खरा खेळ. मी मुलांना सांगते, उत्तर मागितल्याशिवाय सांगायचं नाही, आणि मागणाऱ्याला आधी एक धागा द्यायचा. एका मुलाने एक कोडं नऊ दिवस डोक्यात ठेवलं होतं. दहाव्या दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाला, "निवारा!" नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

परवाच्या तासाला 'पण ताई' आजारी होती. तिच्या मैत्रिणीने एक घडी केलेली चिठ्ठी आणून दिली. आत पेन्सिलने लिहिलेलं होतं:

डोकं काढलं तर फळात सापडतो.
पोट काढलं तर गोष्टीत.
शेपूट काढलं तर जंगलात उभा असतो.
काहीच काढलं नाही, तर कशातच मावत नाही.
मी कोण?

खाली, मागितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही अशी तंबी होती. मला उत्तर आलं, ते इथे लिहीत नाही. चिठ्ठी उजेडात धरली तेव्हा दिसलं, दुसऱ्या ओळीच्या शेवटीही आधी 'सापडतो' लिहिलेलं होतं. ते तिने खोडरबराने इतकं घासून काढलं होतं की तिथे कागद पातळ झाला होता.